ट्रेलरच्या पत्र्यात करंट: दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, १३ एप्रिल २०२४

काम: ट्रेलरच्या बाहेरच्या पत्र्यात करंट का उतरतो ते शोधणे. सापडेपर्यंत ट्रेलर विजेला जोडलेला असताना जमिनीवर उभं राहून कुणीही दाराला हात लावायचा नाही. तशी चिठ्ठी दारावर चिकटवली आहे.

ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं, मुक्कामाचं फिरतं घर. तो वापरलेलाच घेतला होता. चोवीस फुटी, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, ३० अँपिअरची जोडणी. मागच्या मुक्कामात एका खासगी कॅम्पग्राउंडवर पाऊस पडून गेल्यावर अनवाणी पायांनी दाराची कडी धरली की बोटांना मुंग्या यायच्या. शेजारच्या ट्रेलरवाल्याने धीर दिला की ओल असली की सगळ्याच ट्रेलरना हे थोडंफार होतं. अण्णांना ते पटलं नाही. अण्णा म्हणजे माझे सासरे. कराडकडे वीज मंडळात वायरमन म्हणून उभी नोकरी झाली, सध्या उन्हाळ्यापुरते आमच्याकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीला आले आहेत. त्यांचं म्हणणं, "थोडा करंट आणि जास्त करंट हे आपल्या हातात नसतं, जावईबापू. ते पायाखालची ओल ठरवते."

ट्रेलरची अडचण मुळात टायरपासून सुरू होते. अख्खा सांगाडा रबरावर उभा, त्यामुळे जमिनीशी त्याचा धड संबंध नाही. पत्र्यात कुठून तरी वीज झिरपली तर तिला परत न्यायला एकच रस्ता असतो: कॅम्पग्राउंडच्या खांबावरच्या पेटीपासून ट्रेलरपर्यंत येणाऱ्या जाड केबलमधली हिरवी, अर्थची तार. ती तुटली की झिरपलेली वीज पत्र्यावरच वाट बघत बसते आणि ओल्या जमिनीवर उभा असलेला पहिला माणूस तिचा रस्ता होतो. आत उभ्या असलेल्याला काही कळत नाही, कारण तो आणि पत्रा विजेच्या एकाच दाबावर असतात. म्हणूनच झटका नेहमी पायरीवर, आत-बाहेर करताना बसतो.

आज घराच्या गॅरेजमधल्या साध्या सॉकेटला अ‍ॅडॉप्टर लावून ट्रेलर जोडला. त्याच सॉकेटच्या अर्थच्या भोकातून एक लांब वायर काढली आणि मीटर ती वायर आणि दाराची चौकट यांच्यात धरला.

गीझर बंद, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर चालू: ५८ व्होल्ट.
गीझर विजेवर चालू: ९१ व्होल्ट.

५८ हा आकडा ऐकायला भयंकर, पण फसवा. कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह यांच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून. अर्थ तुटला की पत्रा दोघांच्या मधोमध तरंगतो आणि १२० च्या जवळपास निम्मे व्होल्ट दाखवतो. त्यामागे जोर एक मिलिअँपिअरचाही नसतो. मीटरला ते कळत नाही, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. अण्णांनी टेस्ट लॅम्प मागितला. इथे रात्रीच्या दिव्यासाठी ७ वॅटचे बारके बल्ब मिळतात, त्यातला एक होल्डरमध्ये घालून दोन वायरी काढल्या. पत्रा आणि अर्थ यांच्यात तो लावताच ५८ चे शून्याजवळ आले, बल्ब पेटला नाही. मग गीझर चालू करून तेच केलं. बल्ब धड लाल व्हायच्या आत गॅरेजचा जीएफसीआय सॉकेट, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा सॉकेट, खटकन पडला.

म्हणजे दुखणी दोन. अर्थ कुठे तरी तुटलाय, आणि गीझरमधून खरा, जोर असलेला करंट गळतोय. कॅम्पग्राउंडवर त्या रात्री गीझर गॅसवर चालू होता. मुंग्यांवर भागलं ते त्यामुळे.

रविवार, १४ एप्रिल

केबल सोडवून, वीज पूर्ण बंद, बॅटरी वेगळी. प्लगच्या अर्थच्या गोल पिनपासून ट्रेलरच्या सांगाड्यापर्यंत ओहम मोजले. एक ओहमच्या आत यायला हवे होते. मीटर कधी ओपन दाखवी, कधी केबल हलवली की हजारांत. मधे पॅनेल उघडून रस्ता दोन भागांत तोडला: अर्थच्या पट्टीपासून सांगाड्यापर्यंत ०.२ ओहम, ते ठीक. बिघाड केबलमध्येच.

प्लग आधीच्या मालकाने बदललेला, स्क्रूचा. उघडला तर हिरव्या तारेचं इन्सुलेशनच स्क्रूखाली दाबलं होतं. तांब्याचे दोन-चार केस कसेबसे चिकटलेले, तेही काळे पडलेले. फेज आणि न्यूट्रल मात्र घट्ट, त्यामुळे दिवे, एसी, टीव्ही सगळं झकास चालत होतं. अर्थच्या तारेचं हेच वाईट: ती नसल्याने कुठलंच यंत्र बंद पडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

नवा प्लग लावला. १० गेजची केबल, टोकं नीट सोलून, स्क्रू घट्ट, केबलचा पट्टा बाहेरच्या रबरावर आवळून. आता ०.३ ओहम.

अण्णा एवढ्यावर उठायला तयार नव्हते. मीटर मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो. तांब्याचा एक केस शिल्लक असला तरी तो ०.३ दाखवेल. खरं कळायचं तर तारेतून अँपिअर गेले पाहिजेत. मग गाडीची बॅटरी, ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब आणि मधे आमची हिरवी तार असं सर्किट केलं. बल्ब पूर्ण उजेडात, करंट साडेचार अँपिअर, तारेच्या दोन टोकांत ०.२ व्होल्ट. म्हणजे ०.०५ ओहमच्या आत. मघाचे ०.३ हे बरेचसे मीटरच्या स्वतःच्या वायरींचे होते.

शनिवार, २० एप्रिल

ट्रेलर गॅरेजला जोडला, गीझर चालू केला, जीएफसीआय पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. गेल्या आठवड्यापर्यंत याच सॉकेटवर, याच गीझरसकट, ट्रेलर निवांत चालत होता.

बायकोचा पहिला प्रश्न: "दुरुस्त केलंत की बिघडवलंत?" प्रश्न रास्त आहे. जीएफसीआय फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत वजाबाकी करत असतो. ४ ते ६ मिलिअँपिअरचा फरक दिसला की तोडतो. अर्थ तुटलेला असताना गळतीला बाहेर पडायला वाटच नव्हती. गेलेलं सगळं न्यूट्रलनेच परत येत होतं, फरक शून्य. आता वाट मिळाली आणि गळती दिसायला लागली. जीएफसीआय पडतोय ही आजची चांगली बातमी.

ज्या ठिकाणी अशी कामं बिघडतात ती जागा हीच. जीएफसीआय पडतो म्हणून माणूस ट्रेलर दुसऱ्या, जुन्या सॉकेटला जोडतो, किंवा तीन पिनांचा दोन पिना करणारा अ‍ॅडॉप्टर मधे घालतो. पडणं थांबतं आणि आपण पुन्हा १३ तारखेच्या जागी येतो. आम्हालाही हा सल्ला मिळाला, अगदी आपुलकीने.

हे उपकरण बर्कलेच्या चार्ल्स डाल्झील या प्राध्यापकांचं, १९६१ चं. त्याआधी त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हातात धरलेली तार माणूस किती करंटपर्यंत सोडू शकतो ते मोजलं होतं. पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास, बायकांमध्ये साडेदहाच्या. त्यापुढे स्नायू आवळतात आणि मूठ उघडत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून काही सेकंद गेले तर हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरतात. १२० व्होल्टला हिशेब १२० मिलिअँपिअर होतो. भारतात घरात बसवतो ते आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचे असतात, इथला आकडा त्याहून बराच कडक. अण्णांना ते फार आवडलं, मग त्यांनीच विचारलं, "मग कॅम्पच्या खांबावर हे का नव्हतं?" त्या खांबावर ३० अँपिअरच्या सॉकेटमागे साधा ब्रेकर होता. तो केबल जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही.

एकेक ब्रेकर बंद करत गेलो. गीझरचा बंद केला की बाकी सगळं लावूनही जीएफसीआय टिकतो. निदान पक्कं.

रविवार, २१ एप्रिल

गीझरची टाकी थंड करून, दाब सोडून, पाणी काढलं. एलिमेंट १४४० वॅटचं. दोन टोकांत १० ओहम, म्हणजे हिशेबाबरहुकूम. तापवण्याच्या दृष्टीने ते अगदी निरोगी होतं. पण टोक आणि बाहेरचं धातूचं आवरण यांच्यात अडीच हजार ओहम. तिथे मेगओहम असायला हवेत. आवरणाला नखाएवढी चीर. टाकी रिकामी असताना कुणी तरी स्विच दाबला असणार, कोरडं एलिमेंट असंच फुटतं.

हिशेब जुळतो: पत्र्यावर ९१ व्होल्ट, वाटेत अडीच हजार ओहम, त्यात ओल्या माणसाचे हजार. २६ मिलिअँपिअर. कडीवरची मूठ सुटली नसती.

नवं एलिमेंट, नवा वॉशर, आणि टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा, आता काडी झालेला अ‍ॅनोड रॉडही बदलला. मित्राचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणला; लावण्याआधी कन्व्हर्टर आणि फ्रिजचं सर्किट बोर्ड सोडवून ठेवलं, नाहीतर त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स गेलं असतं. नवं एलिमेंट सुरुवातीला ४० मेगओहमच दाखवत होतं. आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पुडीला हवेतली ओल लागते. टाकी भरून तासभर तापवल्यावर २०० च्या वर गेलं.

इथे कारखान्यातून ट्रेलर बाहेर पडताना त्याच्या वायरिंगला ९०० व्होल्ट एक मिनिट लावून बघतात, नियमच आहे. पण ती परीक्षा जन्मात एकदाच. नंतर हजारो मैल हादरे, थंडीत गोठणं, उंदीर. पुन्हा कुणी विचारत नाही.

शनिवार, २७ एप्रिल

आजचा सगळा दिवस वादात गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

अण्णांना एवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांच्या मते ट्रेलर जिथे उभा करू तिथे एक तांब्याचा रॉड ठोकायचा आणि पत्रा त्याला बांधायचा. माणसाने चाळीस वर्षं जीआय पाइप, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचे खड्डे भरले, त्याला दुसरं काय सुचणार? हार्डवेअरच्या दुकानातून आठ फुटी रॉडही घेऊन झाला होता. इथली लाल माती बघून म्हणाले, "आपल्या कोकणासारखीच. चांगली ओल धरेल."

मी कागद काढला. आठ फुटी रॉडचा मातीशी रोध २५ ओहम आला तर इथे चांगला मानतात. आता समजा ट्रेलरमध्ये फेज सरळ पत्र्याला चिकटली आणि हिरवी तार नाही, फक्त रॉड आहे. १२० भागिले २५, करंट ४.८ अँपिअर. ३० चा ब्रेकर सोडा, १५ चाही हलणार नाही. पत्रा १२० व्होल्टवर तसाच राहील. वर रॉडभोवतीच्या मातीतही व्होल्टेज चढेल, रॉडपाशी सर्वात जास्त आणि दूर जाऊ तसं कमी. दोन पाय दोन अंतरांवर ठेवून चालणाऱ्या पोराला किंवा कुत्र्याला त्यातलाच फरक बसतो.

अण्णा बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "हे शेतातल्या मोटारीसारखं झालं."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. एप्रिल-मेमध्ये विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी चिमटे घ्यायला लागली की शेतकरी यायचा. मोटारीत फेज बॉडीला लागलेली, अर्थ टाकलेला, तरी किटकॅट फ्यूजमधली तार उडालेली नसायची. करंट खड्ड्यातून मातीत, मातीतून थेट डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या खड्ड्याकडे. दोन्ही खड्डे वाळलेले. २३० व्होल्ट, दोन्ही मिळून वीस ओहम धरले तरी साडेअकरा अँपिअर. फ्यूजमध्ये शेतकऱ्याने दुपदरी तार घातलेली. मग खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायचं, आठवडाभर चिमटे कमी. "आम्ही रोगाला पाणी पाजत होतो," असं म्हणून स्वतःच हसले.

मग त्यांचा खरा प्रश्न आला: इथली हिरवी तार शेवटी जाते कुठे? ते कागदावर काढलं. ट्रेलरच्या पॅनेलमधून केबलने खांबावर, खांबावरून कॅम्पग्राउंडच्या वितरण पेटीत, तिथून मुख्य सर्व्हिसपर्यंत, म्हणजे वीज कंपनीची लाइन जिथे आत येते त्या पेटीपर्यंत. मुख्य सर्व्हिसपाशी, आणि फक्त तिथेच, ती न्यूट्रलला बांधलेली असते. म्हणजे ट्रेलरमध्ये फेज पत्र्याला लागली की करंट धातूच्या धातूतून ट्रान्सफॉर्मरकडे परततो. सगळ्या वाटेचा रोध अर्धा ओहम धरा: २४० अँपिअर. ब्रेकर डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतो. मातीचा यात संबंधच येत नाही. सर्व्हिसजवळही रॉड असतोच, पण तो आकाशातली वीज आणि लाइनवरचे उसळते दाब यांच्यासाठी. एनईसी या इथल्या विजेच्या कामांच्या संहितेत स्पष्ट म्हटलं आहे की बिघाडाचा करंट परत नेण्यासाठी जमिनीवर भिस्त ठेवू नका.

रॉड परत केला. पावती होती.

शनिवार, ४ मे

जनरेटर. २२०० वॅटचा, इन्व्हर्टर जातीचा. ट्रेलर आणि वीज यांच्यामध्ये लावायला ईएमएस घेतला आहे. तो अर्थ, उलटे फेज-न्यूट्रल आणि व्होल्टेज तपासून मगच वीज आत सोडतो. आमचा १०४ च्या खाली आणि १३२ च्या वर गेलं की तोडतो. जनरेटरवर त्याने सरळ नकार दिला: अर्थ नाही.

जनरेटरमध्ये बिघाड नाही. या छोट्या जनरेटरांत न्यूट्रल कशालाच बांधलेला नसतो. मोजलं तर दोन्ही तारा सांगाड्यापासून साधारण ६० व्होल्टवर. एका जागी फेज पत्र्याला लागली तर करंटला परतीची वाट नाही, म्हणून ब्रेकर पडत नाही आणि झटकाही बसत नाही. दुसरा बिघाड झाला की मग भोगा.

उपाय बांधणीच्या प्लगचा: साधा तीन पिनांचा प्लग, आत न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडलेले, जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचायचा. ईएमएस लगेच राजी. प्लगला लाल टेप गुंडाळून त्याची जागा जनरेटरच्या पिशवीत ठरवली. तो भिंतीच्या सॉकेटमध्ये कधीही जाता कामा नये.

हीच जोडणी ट्रेलरच्या पॅनेलमध्ये कायमची करावी का? सोपं दिसतं, आणि घराच्या मुख्य पॅनेलची सवय असलेले लोक करतातही. करायची नाही. तसं केलं की कॅम्पग्राउंडवर न्यूट्रलचा चालू करंट सांगाड्यातून आणि हिरव्या तारेतूनही वाहायला लागतो. वर, खांबावर फेज-न्यूट्रल उलटे असले आणि केबलचा अर्थ तुटलेला असला, की अख्खा पत्रा थेट १२० वर, मधे काही रोधही नाही. आमचं पॅनेल उघडून पुन्हा बघितलं: न्यूट्रलची पट्टी प्लास्टिकच्या पायांवर, अर्थची पट्टी पेटीला. बरोबर.

शनिवार, ११ मे

घराबाहेर ३० अँपिअरचं टीटी-३० सॉकेट, म्हणजे ट्रेलरसाठीचं खास सॉकेट, बसवून घेतलं. इलेक्ट्रिशियनने गाडीतून दोन पोलांचा, म्हणजे २४० व्होल्टचा, ब्रेकर काढला तेव्हाच अण्णांनी मला हाक मारली. तीन पिना आणि ३० अँपिअर म्हटलं की इथल्या माणसाला जुन्या कपडे वाळवायच्या यंत्राचं २४० व्होल्टचं सॉकेट आठवतं. टीटी-३० मात्र १२० चं. ते २४० ला जोडलं की पहिल्याच सेकंदात कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, टीव्ही सगळे जातात. असे ट्रेलर दुरुस्तीला येतात हे ट्रेलरवाल्यांना नवीन नाही. एक पोलाचा जीएफसीआय ब्रेकर मागवून बसवला. फेज-न्यूट्रल १२१, फेज-अर्थ १२१, न्यूट्रल-अर्थ ०. मोजल्यावरच प्लग घातला.

शनिवार, १८ मे

जॉर्डन लेक, पॉपलर पॉइंट. खांबावर जोडण्याआधी: ब्रेकर बंद, सॉकेट जळकं-सैल नाही ना ते बघितलं, ब्रेकर चालू, मीटरने तिन्ही मापं, मग ब्रेकर बंद, ईएमएस, ट्रेलर, ब्रेकर चालू. तिन्ही मापं ठीक. एसी चालू असताना ११६.

जोडल्यावर शेवटचा सोपस्कार: पेनासारखा बिनस्पर्शाचा टेस्टर पत्र्याजवळ, अडकवणीच्या लोखंडाजवळ, पायरीजवळ नेणे. हा सोपस्कार जादाचा वाटतो, पण एक बिघाड मीटर आणि तीन दिव्यांचा टेस्टर दोघांनाही चकवतो. जुन्या घरांत अर्थची तारच नसते. तिथे कुणी तरी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाकतो, आणि त्यात मागे फेज-न्यूट्रल उलटे असतील तर न्यूट्रल आणि अर्थ दोघेही १२० वर जातात. फरक मोजले तर सगळे बरोबर: १२०, १२०, शून्य. ईएमएसही सहसा फसतो. बिनस्पर्शाचा टेस्टर मात्र आपल्या हातातून जमिनीशी तुलना करतो, म्हणून तो पत्र्याजवळ वाजतो. ओळखीच्यांच्या जुन्या वाड्यावजा घराच्या गॅरेजला ट्रेलर जोडताना हे विशेष. आज कुठेही वाजला नाही. दाराची चिठ्ठी काढली.

गळती मोजायच्या चिमटा मीटरने फेज आणि न्यूट्रल एकत्र पकडून, सगळं चालू असताना: १.४ मिलिअँपिअर. त्यातले ०.६ फ्रिजच्या एलिमेंटमुळे, बाकी कपॅसिटरांचे.

राहिलेलं:
– सांगाड्याला जिथे ८ गेजची अर्थची तार बोल्ट केली आहे तिथे गंज आहे. घासून, तारेच्या टोकाचा थिंबल बदलून पुन्हा आवळणे.
– फ्रिजचं एलिमेंट सप्टेंबरात पुन्हा मोजणे. ०.६ चे २ झाले असतील तर बदलणे.
– गीझरच्या स्विचवर झाकण. टाकी भरल्याशिवाय दाबता येऊ नये असं काही तरी. अण्णा डिझाइन करत आहेत.